सोफ्रोनीची विजार

ईस्ट डनबी, मॅसॅच्युसेट्स
एप्रिल १८८४

प्रिय टेम्पी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. घड्याळामागे खोचून ठेवलंय, त्यामुळे किल्ली द्यायला गेलं की तेच हाताला लागतं. आजी मेली की काय असं तुला वाटलं असेल, तर तसं काही नाही. या गावात कुणी मेलं की त्याला धुवून कपडे चढवायला सगळ्यांत आधी बोलावणं मला येतं, आणि माझ्यासाठी मला अजून कुणी बोलावलेलं नाही. गुडघे जागच्या जागी आहेत, दात तेवढे गेले. चष्म्याची काडी मोडली, ती कानाला दोऱ्यानं बांधलीय. अक्षर माझं कसं ते तुला ठाऊकच आहे, चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. पण तू बॉस्टनला बसून दिवसभर परक्या लोकांच्या अक्षरावरून छापखान्यात शिशाचे खिळे जुळवतेस, तेव्हा आजीचंही लागेल. शाळेत मी दोन हिवाळे गेले, त्यातला एक गोवरात गेला.

बर्फ उतरायला लागलंय. रस्त्याचा नुसता राबडा झालाय, काल पेटिंगिलांची गाडी दारासमोर रुतली आणि पेटिंगिलनं बैलांना ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून पाद्रीबाईंनी खिडकी लावून घेतली. त्यांना पुन्हा दिवस गेलेत. पाद्री हॅवन दर रविवारी संयमावर बोलतो. मेपलचा पाक यंदा कमी निघाला. लाल कोंबडी खुडूक बसलीय आणि जवळ गेलं की अंगावर येते. शनिवारी काकवीतला घेवडा केला, तो मी एकटी अर्धा आठवडा खात होते. तू असतीस तर रविवारीच भांडं घासायला मोकळं झालं असतं.

बघ, कशी वळसे घालतेय. तू दोन ओळी मागितल्या होत्यास आणि मी तुला कोंबडीची हकिगत सांगतेय.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की मला ते न बघता म्हणता येईल. तू म्हणतेस, वर्तमानपत्रानं सोफ्रोनी ट्रास्कबद्दल धडधडीत खोटं छापलं. तुझं कात्रण मी नीट पाहिलं. 'जन्मभर पुरुषी वेषाचा पुरस्कार करणारी ही विदुषी अखेरच्या निद्रेत मात्र स्त्रीच्या शालीन पोशाखात पहुडली होती. तिच्या लेखणीनं जे कधी कबूल केलं नाही, ते तिच्या देहानं कबूल केलं.' ज्यानं हे लिहिलं त्याला मी माझ्या हातानं राखेच्या साबणाचं कडक पाणी पाजलं असतं. तू लिहितेस, 'आजी, विजार मी स्वतः दुरुस्त केली होती, बटणं मी लावली होती. तू तिला शब्द दिला होतास. मला फक्त दोन ओळी लिहून पाठव की तूच तिला तयार केलंस आणि विजार घालूनच केलंस. खाली सही कर. महिन्याच्या अखेरीला सोफ्रोनीसाठी सभा आहे. मी उभी राहून त्या ओळी वाचणार आहे, मग आमच्या स्वतःच्या वर्तमानपत्रात छापणार आहोत. एवढ्या लोकांसमोर उभं राहायची मला फार भीती वाटते, पण तुझा कागद हातात असला की पाय लटपटणार नाहीत.'

असं तू लिहिलंस. आता दुसरीकडून सुरुवात करते, माझ्या पद्धतीनं.

तुला सोफ्रोनी ठाऊक झाली ती म्हातारी झाल्यावर. पांढरे केस, काठी, टेबलावर कागदांचा ढीग आणि त्यावर बसलेलं मांजर. मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी घरी बूट शिवायची, आठवड्याला गावातल्या चार घरचे कपडे धुवायची. तिचं घर त्यातलं एक. बाप आंधळा झालेला, भाऊ वूस्टरला दुकान काढून बसलेला, तेव्हा ती मासिकांना गोष्टी विकून बापाला जगवत होती. सुताच्या गिरणीतल्या पोरींची गोष्ट लिहून तिचं नाव झालं. मी इस्त्री करत असले की ती लिहिलेलं मला वाचून दाखवायची. मला वाटायचं, बाई माझी करमणूक करतेय. पुष्कळ वर्षांनी कळलं की मला डुलकी लागली की तेवढा भाग ती खोडून टाकायची. 'बेथ,' ती म्हणायची, 'बॉस्टनच्या संपादकांना झोप लपवता येते, तुला येत नाही.' माझ्या झोपेनं तिची किती पानं खाल्ली देव जाणे.

मग ती गुलामगिरीविरुद्ध बोलत गावोगाव फिरायला लागली. बाईनं पुरुषांच्या सभेत उभं राहून बोलायचं म्हणजे तेव्हा काय होतं ते तुला कळायचं नाही. तुला आता भीती वाटते ती पाय लटपटण्याची. तिला कुजकी अंडी मारायचे, दगडही मारायचे. तिचे कपडे धुणारी मी, त्यामुळे कुठल्या गावी काय मारलं ते मला डागांवरून कळायचं. आणि त्याच सुमारास तिनं ती विजार शिवली. गुडघ्याच्या खाली येईल एवढा झगा आणि त्याच्या आत घोट्याशी चुण्या घातलेली सैल विजार, तपकिरी लोकरी कापडाची. कंबरपट्टा नाही, हाडाच्या काड्या घातलेली घट्ट चोळी नाही, पाच पेटीकोट नाहीत. पहिल्यांदा ती घालून दुकानात गेली तेव्हा पिंपावर बसलेले सगळे पुरुष एकदम उभे राहिले. आदरानं नव्हे, नीट दिसावं म्हणून.

तुझे आजोबा, देव त्यांना शांती देवो, चांगले होते पण भित्रे होते. पहिल्या धुण्याला मी ती विजार दोरीवर टाकली तर ते गोठ्यातून धावत आले. 'बेथाया, रस्त्यावरून दिसतंय ते! लोक म्हणतील एबेन स्टॉडर्डच्या घरात कुणाची विजार वाळतेय!' मी म्हटलं, तुमची म्हणून सांगा. तर म्हणाले, 'माझ्या विजारीला चुण्या नसतात.' मग मी काय केलं, दोन चादरी घेतल्या, एक पुढच्या दोरीवर, एक मागच्या, आणि मधल्या दोरीवर विजार. वाळायला दुप्पट वेळ लागायचा. पण रस्त्यावरून नुसत्या चादरी दिसायच्या. सोफ्रोनीनं एकदा मागच्या दारानं येऊन पाहिलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, 'बेथ, तू माझे पाय अंथरुणात घातलेस.' तेव्हा मीही हसले होते. आता ते आठवलं की हसू येत नाही.

काही वर्षं तिनं विजार वापरली आणि मग सोडली. गावाला वाटलं गाव जिंकलं. ते खरं नव्हतं. तिच्याच मैत्रिणी, बॉस्टनच्या, तिच्याबरोबर सभा करणाऱ्या, एक दिवस चहाला आल्या. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. त्या म्हणाल्या, 'सोफ्रोनिया, लोक तुझे शब्द ऐकायला येत नाहीत, पाय बघायला येतात. आपल्याला गुलाम सोडवायचेत की तुझे घोटे?' तिनं कप बशीत ठेवला. मग म्हणाली, 'ठीक आहे.' एवढंच. त्या गेल्यावर तिनं विजार घडी करून पेटीत ठेवली आणि मला म्हणाली, 'बेथ, शत्रूंनी अंडी मारली तेव्हा मी हललेसुद्धा नाही. आज मला माझ्या माणसांनी कपडे बदलायला लावले.' पुढे लढाई झाली, गुलाम सुटले, मग ती बायकांच्या मतासाठी फिरली, नवऱ्याच्या कर्जापायी बायकोची शिवणयंत्रं जप्त होऊ नयेत म्हणून भांडली. शाळा समितीसाठी बायकांना मत मिळालं तेव्हा मला ओढत घेऊन गेली आणि मला वाचता येतं हे दाखवायला मी कारकुनासमोर कायद्याच्या ओळी अडखळत वाचल्या, तेव्हा ती मागे उभी राहून एकेक शब्द ओठांनी म्हणत होती. यातलं बरंच ती जिंकली असं लोक म्हणतात. पण तिला हरलेलं एवढं एकच आठवायचं, ती पेटीतली घडी.

म्हणून गेल्या पानगळीत तुझ्या सुटीत तिनं ती बाहेर काढली आणि तुझ्याकडून शिवून घेतली. कसर लागली होती, तू शेजारच्या शिवणीतून धागा ओढून रफू केलंस, नवी बटणं लावलीस. तू गेल्यावर तिनं मला बसवलं आणि सांगितलं, 'बेथ, मला ही घाल. आणि शवपेटीचं कमरेखालचं अर्धं झाकण लावतात ना, ते लावायचं नाही. सबंध उघडी ठेव. सगळ्या गावाला माझे पाय बघू देत. या वेळी मला कुणी कपडे बदल म्हणणार नाही, कारण मी ऐकणारच नाही.' आणि हसली. मी म्हटलं, घालीन. तिनं हात पुढे केला, पुरुष करार करताना करतात तसा, आणि मी तो धरला.

आता पुढचं.

फेब्रुवारीत ती गेली ते तुला कळवलं होतं. बर्फानं रेल्वे अडली आणि तुला येता आलं नाही. तू रडून लिहिलं होतंस की मी तिथं हवी होते. असतीस तर बरं झालं असतं टेम्पी, पण गाडी बंद झाल्याची बातमी आली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. हेही लिहिते.

तिचा भाऊ, चर्चचा कारभारी डीकन ट्रास्क, आणि त्याची बायको लोव्हिसा वूस्टरहून स्लेजनं आधीच येऊन पोचली होती. मी वरच्या खोलीत पाणी तापवून नेलं, विजार खुर्चीवर काढून ठेवली. लोव्हिसा एक खोका घेऊन आली. त्यात काळा रेशमी झगा, कॉलरला जाळी, आणि खाली नवी घट्ट चोळी, हाडाच्या काड्यांची, पाठीमागे नाडी. खोका तिनं पलंगाच्या कडेला ठेवला, विजारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'बेथाया, या कामातलं तुला कळतं. तुला योग्य वाटेल तसं कर.' आणि खाली चहा प्यायला गेली. दार लावून गेली.

मला फार वाटतं, तिनं हुकूम दिला असता तर बरं झालं असतं. डीकननं येऊन दमदाटी केली असती. पाद्रीनं पवित्र शास्त्र काढलं असतं. मग मी तुला लिहिलं असतं की पोरी, मी भांडले, एकटीचं चाललं नाही. पण तसं काही झालं नाही. खोलीत ती आणि मी. एका बाजूला विजार, एका बाजूला रेशीम. खाली कपबश्या वाजत होत्या.

मी रेशीम उचललं.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की शेवटच्या दिवशी तरी लोकांनी तिला हसू नये. नंतर बरेच दिवस हेच सांगत होते. ऐकायला किती चांगलं वाटतं बघ. पण ते खरं नाही. लोक हसतील याची तिला काडीची पर्वा नव्हती, ते मला सगळ्या गावात सगळ्यांत जास्त ठाऊक. मला भीती वाटली ती माझ्या स्वतःसाठी. या गावात मी कोण आहे? धुणंवाली म्हातारी. पण माणूस गेलं की पाद्रीच्या घरापासून खाणीतल्या आयरिश मजुराच्या घरापर्यंत दार मलाच उघडतात, खुर्ची मलाच देतात, आवाज खाली करून 'बेथाया, आता तूच सांग' म्हणतात. माझ्याकडे तेवढंच आहे. मला दिसलं, पेटी उघडी आहे, विजारीतले पाय दिसतायत, आणि मिसेस पेटिंगिल माझ्याकडे बघून शेजारणीच्या कानात म्हणतेय, 'आपल्या सासूला हिला हात लावू द्यायचा नाही बाई, कुणास ठाऊक काय नेसवील.' एवढ्यासाठी. त्या पेटिंगिलणीसाठी, जिला वर्षभर कुणी चांगलं म्हणत नाही.

आणि झगा घातला तेवढ्यावर थांबले नाही. शेवटी शेवटी तिच्या अंगात पाणी भरलं होतं, झगा पुढून बसेना. अशा वेळी आम्ही झगा पाठीतून उभा कापतो आणि बाजूंनी खोचून घेतो, कुणाला कळत नाही, मी शेकडो वेळा केलंय. पण तसं केलं की कंबर येत नाही, नुसता पिठाच्या पोत्यासारखा आकार दिसतो. माझ्या हाताखालून गेलेलं माणूस नीट दिसलं पाहिजे. म्हणून मी ती घट्ट चोळी घेतली. ज्या बाईनं तीस वर्षं ती अंगाला लावली नाही, पोरींच्या फासळ्या कशा आत वळतात यावर पुस्तिका लिहिली, चित्र काढून दाखवलं, तिला मी कुशीवर वळवलं, पाठीत गुडघा टेकवला आणि नाडी ओढली. आत काहीतरी करकरलं. मी थांबले. मग आणखी ओढली आणि गाठ मारली.

खाली पेटीत ठेवल्यावर अर्धं झाकण मीच बंद केलं. आता हे ऐक. झाकण बंद झाल्यावर कमरेखालचं कुणाला दिसणार होतं? कुणाला नाही. तेव्हा तरी ती विजार मला तिच्या पायांत चढवता आली असती. झाकणाखाली, कुणाला न दिसता, जशी ती चादरींच्या मध्ये वाळायची तशी. तेवढंही मी केलं नाही. जिथं भ्यायला कारणच नव्हतं तिथंही भ्याले. रात्री झोप मोडते ती याच्यापायी.

सगळं गाव आलं. बॉस्टनच्या बायका आल्या, त्या कशा पोचल्या कुणास ठाऊक, स्कर्टांना गुडघ्यापर्यंत बर्फ. जोडे शिवणारा लेव्ही म्हणाला, 'आता कुठं बाईमाणूस दिसतेय.' मिसेस पेटिंगिल डोळे पुसत म्हणाली, 'अगंबाई, किती गोड दिसते! कंबर तर अगदी मुलीची! बेथाया, तुझ्या हाताला तोड नाही हो. माझ्या वेळी तूच ये.' मी म्हटलं, 'येईन की.' आणि टेम्पी, मला बरं वाटलं. सगळ्या प्रकारात मला सगळ्यांत जास्त लाज याची वाटते. गुडघ्याची वाटते, झाकणाची वाटते, पण याची जास्त. तिथं पेटीशेजारी उभी राहून मला बरं वाटलं.

मग पाद्री हॅवन बोलला. भरकटलेली कोकरं, घर, शेवटी परतलेली लेक. बोलताना हात त्या रेशमी झग्याकडे करत होता. मी दिलेल्या कापडातून त्यानं प्रवचन शिवलं. बॉस्टनच्या बायकांतली एक, फार म्हातारी, विजार सोड म्हणायला तेव्हा चहाला आलेल्यांतलीच, मला ओळखून स्वयंपाकघरात आली. माझे हात धरले आणि म्हणाली, 'तिनं काही मागितलं होतं का? कपड्यांबद्दल? मी तिला एकदा काही बोलले होते, ते मला अजून बोचतं.' आणि मी म्हटलं, 'नाही, काही नाही मागितलं.' तिला किती हायसं वाटलं! मला म्हणाली, 'देव तुझं भलं करो.'

त्यानंतर ते वर्तमानपत्र, आणि त्यानंतर तुझं पत्र.

मी तुझ्या दोन ओळी लिहायलाही बसले होते, हेही सांगून टाकते. 'मी बेथाया स्टॉडर्ड, लिहून देते की' इथपर्यंत आले. पुढे खोटं लिहायला माझी हरकत नव्हती बघ, खोटं मी आधीच बोलून चुकले होते. पण तू भर सभेत उभी राहशील, त्या म्हाताऱ्या बाईसमोर, लोव्हिसासमोर, आणि माझं खोटं स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं वाचशील, तुझी मान ताठ असेल, हे मला दिसलं आणि कागद चुलीत टाकला. सोफ्रोनीला मी फसवलं, ते झालं. तिच्या बाजूनं बोलायला उभ्या राहिलेल्या पोरीच्या हातात मी मोडकी काठी देणार नाही.

मग काल मी थडगी खणणाऱ्या ओबेडकडे गेले. जमीन अजून आतून गोठलेली असल्यानं यंदाच्या हिवाळ्यातल्या सगळ्या शवपेट्या टेकडीखालच्या दगडी खोलीतच आहेत, सोफ्रोनीचीही. ओबेड कुदळ मारून बघतोय, म्हणतो पुढच्या आठवड्याच्या शेवटी खणता येईल. मी त्याच्याकडे किल्ली मागितली. काय करायचंय ते सांगितलं. तो पाइप ओढत बसला. म्हणाला, 'बेथाया, तिला आता काय फरक पडतो?' मी म्हटलं, 'तुझी हॅना गेली तेव्हा तिला तिच्या आईची निळी शाल हवी होती, मी घातली, तेव्हा तू हे विचारलं नव्हतंस.' त्यानं पाइपातली राख झाडली. म्हणाला, 'डीकनला कळलं तर तो पाद्रीला सांगून माझं काम घालवील.' मी म्हटलं, 'डीकनला कळणारच आहे, मीच सांगणार आहे, पण किल्ली मी तुझ्या खुंटीवरून चोरली असं सांगेन.' म्हणाला, 'तुझा हात खुंटीला पोचत नाही, कोण विश्वास ठेवील.' आणि उठताना म्हणाला, 'कुलूप गंजलंय. तेल घालून ठेवतो.'

तर टेम्पी, हे पत्र एवढ्यासाठी. शनिवारच्या गाडीनं ये. थंडीनं तिला राखलंय असं ओबेड म्हणतो. राखलं नसलं तरी मी आहे, तू नाकाला कापराचं फडकं बांध आणि मी सांगेन तिथं धर. त्या दिवशी घरी आणून ठेवलेली विजार काढून उन्हात टाकलीय, पुढच्या दोरीवर, चादरी न लावता. रस्त्यावरून जाणारा थांबून बघतो आणि मी खिडकीतून त्याच्याकडे बघते. चढवता आली तर चढवू, नाही आली तर अंगावर पांघरू, पण नाडी मात्र कापायचीच. कात्रीला धार लावून ठेवलीय. तिला बांधायला मी एकटी पुरले, सोडवायला माझ्या एकटीच्यानं होणार नाही. मला नको म्हणायचं असेल तर म्हण, मी समजेन, पण तिच्यासाठी ये. आणि एवढ्यानं भागत नाही. आपण दोघी आणि ओबेड सोडून हे कुणी बघणार नाही, सगळ्यांनी पाहिलंय ते रेशीम. म्हणून सभेत उभी राहशील तेव्हा हे पत्र वाच, कोंबडीसकट, आणि मग छाप. शब्द चुकले असतील ते सुधार, बाकी काही सुधारू नकोस. गुडघ्याचं गाळू नकोस. खाली मिसेस एबेन स्टॉडर्ड असं घालू नकोस, ते तुझ्या आजोबांचं नाव, त्या खोलीत ते नव्हते. माझं नाव घाल, सबंध, तुझ्या स्वतःच्या हातानं जुळवून, तुमच्याकडे असतील त्या सगळ्यांत मोठ्या खिळ्यांत.

तुझीच, हे वाचूनही तुला हवी असेन तर,
बेथाया